भयकथेतील भूत आणि झोळीवाला

लहान मुलांच्या भयकथेत भूत असलेच पाहिजे काय, हा प्रश्न वरवर पाहता रिकाम्या वेळच्या चर्चेचा वाटेल. परंतु शाळेच्या कपाटात कोणती पुस्तके ठेवावीत, स्नेहसंमेलनात मुलांकडून कोणते नाटुकले बसवून घ्यावे आणि रात्री दिवा मालवल्यावर नातवाला कोणती गोष्ट सांगावी, हे ठरविताना तो प्रत्येक वेळी उभा राहतो. त्याची दोन उत्तरे समाजात तयार आहेत. भुताखेरीज भीती नाही आणि भीतीखेरीज गोष्टीला रंग नाही, असे एक पक्ष म्हणतो. मुलांच्या कोवळ्या मनावर भुताचा संस्कार करणे म्हणजे उद्याच्या अंधश्रद्धेची पेरणी करणे होय, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही पक्षांचे म्हणणे निराधार नाही. मात्र दोघांचेही लक्ष भुतावर खिळले असल्यामुळे गोष्टीतील खरा धोका कोठे दडलेला असतो, याकडे दोघांचेही दुर्लक्ष होते.

या प्रश्नाचा विचार देगलूरसारख्या गावी बसून केला, तर तो अधिक स्पष्ट होतो. नांदेड जिल्ह्याच्या सीमेवरील हा तालुका एकीकडे तेलंगणाला आणि दुसरीकडे कर्नाटकातील बिदर जिल्ह्याला भिडलेला आहे. बाजाराच्या दिवशी येथे मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू या चारही भाषा एकाच वेळी कानांवर पडतात. भाषा आल्या तशी त्यांची भुतेही आली. मराठी आजीचे भूत आणि हडळ, तेलुगू आजीचे दय्यम, कानडी आजीचे देव्व आणि उर्दू बोलणाऱ्या घरातील जिन्न, अशी सर्व मंडळी या परिसरातील मुलांच्या ओळखीची. सीमा बदलल्या, राज्ये बदलली. या मंडळींना कोणी अडविले नाही.

याच परिसरात आणखी एक शब्द तिन्ही भाषांनी वाटून घेतला आहे. मराठीत त्याला भानामती म्हणतात, तेलंगणाच्या बाजूला बाणामती. घरावर दगड पडू लागतात, दांडीवरचे कपडे पेटतात, अन्नात घाण सापडते, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात, स्त्रिया घुमू लागतात आणि चित्रविचित्र आवाज काढतात. मग गावाची नजर कोणाकडे तरी वळते. ती बहुधा एखाद्या एकट्या विधवेकडे, एखाद्या दुबळ्या कुटुंबाकडे किंवा ज्याच्याशी बांधाचे भांडण आहे अशा शेजाऱ्याकडे वळते. मंत्र नीट उच्चारता येऊ नये म्हणून संशयिताचे दात पाडण्यापर्यंत या भागातील माणसांची मजल गेलेली आहे. अशा प्रकारांचा छडा लावणाऱ्या कार्यकर्त्यांना दगडामागे, आगीमागे आणि फुलीमागे पुनःपुन्हा माणसाचाच हात आढळला. घुमण्यामागे पुष्कळदा दाबून ठेवलेले दुःख आढळले.

म्हणून मुलांच्या गोष्टीतून भूत हद्दपार करा, असे म्हणणाऱ्यांची चिड समजण्यासारखी आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते असे जाहीर करून तिचे जिणे कठीण करणे, किंवा भुताची भीती घालून लोकांत घबराट माजविणे, या गोष्टी या कायद्याने गुन्हा ठरल्या. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. मोठ्यांनी जी भीती पसरविली असता तुरुंग दाखविला जातो, तीच भीती मुलांना खाऊसारखी वाटावी काय, हा प्रश्न एखाद्या शिक्षकाने विचारला तर त्याला अरसिक म्हणून उडवून लावता येणार नाही.

हा आक्षेप नवा नाही. इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन लॉक याने १६९३ साली शिक्षणाविषयीच्या आपल्या ग्रंथात पालकांना बजावले होते, की नोकरचाकरांना मुलांपुढे भुताराक्षसांच्या गोष्टी करू देऊ नका. त्या एकदा मनात शिरल्या की बाहेर निघत नाहीत, आणि मूल पुढे मोठेपणीही अंधाराला भीत राहते. लॉकचे निरीक्षण खोटे म्हणता येत नाही. पिंपळाखालून जाताना पावले झपाझप उचलणारे पदवीधर आजही थोडे नाहीत.

परंतु लॉकला उत्तरही इंग्रजीतच मिळाले. चार्ल्स लॅम्ब याने १८२१ सालच्या एका निबंधात आपल्या परिचयातील एका लहान मुलाची हकीगत सांगितली आहे. त्या मुलाला अंधश्रद्धेचा वाराही लागू न देता वाढविलेले होते; भुताचा शब्द त्याच्या कानी पडणार नाही याची कसोशीने काळजी घेतलेली होती. तरीही ते मूल रात्री दचकून उठे आणि मनानेच उभ्या केलेल्या आकृतींनी घामाघूम होई. लॅम्बचे म्हणणे असे, की भीतीचे मूळ पुस्तकात नाही. पुस्तक तिला फार तर चेहरा देते. ती आधीपासूनच आत असते.

बालमानसशास्त्रही साधारणपणे याच दिशेने बोट दाखविते. तीन-चार वर्षांचे मूल अंधाराला, पलंगाखालच्या पोकळीला आणि काल्पनिक प्राण्यांना भिते. त्याला कोणी भूत शिकविले असो वा नसो, ते स्वतःच एक घडविते. आठ-दहा वर्षांचे झाले की हीच भीती वास्तवाकडे सरकते: अपघात, आग, चोर, आईबापांचा मृत्यू. म्हणजे भूत गोष्टीतून काढून टाकले म्हणून भीती मुलाला सोडून जाईल, हा भाबडा समज होय. भीती राहणारच, तिच्याशी बोलण्याची भाषा मुलाला द्यायची की नाही, एवढेच मोठ्यांच्या हाती असते. भयकथा ही अशी एक भाषा आहे.

मग त्या भाषेत भूत अपरिहार्य आहे काय? याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी जाण्याची आवश्यकता नाही. पावसाळ्याच्या रात्री गळक्या झोपडीत बसलेली म्हातारी म्हणते, की आपल्याला वाघाचे भय वाटत नाही, भय वाटते ते छतातून ठिबकणाऱ्या टिपटिपीचे. भिंतीच्या आडोशाला उभा असलेला वाघ ते ऐकतो आणि आपल्यापेक्षा मोठे असे हे कोणते जनावर म्हणून गर्भगळीत होतो. पुढे काळोखात हरवलेले गाढव शोधणारा माणूस त्यालाच गाढव समजून झोडपतो आणि त्याच्या पाठीवर बसतो. टिपटिपीने आपल्याला गाठले अशी वाघाची खात्री पटते. भारतभर वेगवेगळ्या रूपांत सांगितल्या जाणाऱ्या या गोष्टीत भूत औषधालाही नाही. तरी काळोख आहे, पाऊस आहे, अनोळखी नावाची दहशत आहे आणि गरिबाच्या घरचे खरे भयही आहे. ज्याच्या डोक्यावरचे छप्पर गळते, त्याला वाघाची काय मातब्बरी, हे मराठवाड्यातील कोणत्याही मुलाला समजावून सांगावे लागत नाही.

पंचतंत्रातील गोमायू कोल्ह्याची कथा अशीच आहे. भुकेला कोल्हा ओसाड रणभूमीवर येतो आणि एक भयंकर आवाज ऐकून थरथरतो. पळून जाण्याच्या बेतात असताना तो थांबतो, जवळ जातो आणि पाहतो, तर टाकून दिलेल्या नगाऱ्यावर वाऱ्याने हलणारी फांदी आपटत असते. पुढे आत खाद्य असेल या आशेने तो चामडे फाडतो, तेव्हा हाती लागते ते लाकूड आणि पोकळी. आवाजाला भिऊन पळू नये, त्याचे कारण शोधावे, एवढी सरळ शिकवण इतक्या थरारक रीतीने सांगणारी कथा अंधश्रद्धा निर्मूलनाच्या एखाद्या शिबिरातही शोभून दिसेल. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट तर मराठी मूल बोलू लागण्यापूर्वीच ऐकते. वाटेवर टपून बसलेले वाघ आणि कोल्हा तिला खरोखरच खाणार असतात. मरण इतके जवळ असलेली गोष्ट दोन-तीन वर्षांच्या मुलाला सांगितली जाते आणि ते ती पुन्हा पुन्हा मागते.

युरोपात ग्रिमबंधूंनी १८१२ साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहातील हान्सेल आणि ग्रेटेल यांच्या कथेत चेटकीण आहे, हे सर्वांच्या लक्षात राहते. परंतु त्या कथेतील पहिली आणि खोल भीती चेटकिणीच्या कितीतरी आधी येते. घरात अन्न नाही, आणि अंथरुणात जागी असलेली मुले ऐकतात, की आईबाप आपल्याला रानात सोडून देण्याचा विचार करीत आहेत. पहिल्या आवृत्तीत ती सख्खी आई होती. ते वाचकांना सोसेना म्हणून पुढच्या एका आवृत्तीत तिची सावत्र आई करण्यात आली. चेटकीण मात्र कोणाला बदलावीशी वाटली नाही. भूत आणि भूक यांच्यापैकी अधिक असह्य काय, याचा निकाल या एका फेरफाराने लागतो. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आईबापांची मुले म्हणून वाढलेल्या पिढीला तो निकाल वेगळा सांगण्याची गरज नाही.

किंबहुना मराठी भुतांची नामावळी नीट वाचली, तर प्रत्येक भुताच्या मागे एक खरे भय उभे असलेले दिसते. बाळंतपणात दगावलेल्या स्त्रीची हडळ किंवा अळवंतीण होते. ही समजूत ज्या काळात रुजली, त्या काळी बाळंतपण म्हणजे मरणाच्या दारातून जाऊन येणे होते. मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वीच मेलेला मुलगा पिंपळावरचा मुंजा होतो. त्याच्या मागे बालमृत्यूचे दुःख आहे. विहिरीत आणि डोहात साती आसरा राहतात आणि काठावर एकट्या आलेल्या मुलाला आत ओढतात. पायऱ्या शेवाळलेल्या, कठडा नसलेल्या बारवेजवळ मुलाने जाऊ नये यासाठी याहून परिणामकारक पाटी कोणी लिहिली असती? भूत हा बहुतेक वेळा एक मुखवटा असतो. मुखवटा सुंदर असू शकतो, पण त्याच्यावाचून चेहऱ्याचे अडत नाही. तेव्हा भयकथेला भूत आवश्यक आहे काय, या प्रश्नाचे सरळ उत्तर, नाही, असे आहे.

मुखवट्यामागचा चेहरा दाखविण्याचा एक लाभही आहे. मुखवट्याला भ्यावे किंवा त्याची पूजा करावी. चेहऱ्याविषयी मात्र काही करता येते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीची धरणी हलली. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते, माणसे थकून झोपली होती. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावे जवळजवळ भुईसपाट झाली आणि हजारो माणसे झोपेतच गेली. त्या रात्रीइतकी भयंकर गोष्ट मराठवाड्यातील कोणत्याही हडळीला सुचलेली नाही. ती मुलांना सांगावी काय? सांगावी, पण पूर्ण सांगावी. भूकंपाच्या आदल्या वर्षीच तेथे धक्के जाणवले होते. माणसे मारली ती प्रामुख्याने मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्याने. पुनर्वसनात म्हणूनच वेगळ्या धर्तीची घरे बांधली गेली. हे कळले की गोष्ट कोपाची राहत नाही, बांधकामाची होते. २०२४ मध्ये हिंगोली-नांदेडच्या परिसराला धक्के बसले, तेव्हा घराबाहेर मोकळ्या जागी धावलेल्या मुलाला ही दुसरी गोष्ट उपयोगी पडली असेल, पहिली नाही.

पाण्याचेही तसेच. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली आणि लेंडी धरणाच्या परिसरातील हसनाळसारख्या गावांत रात्री पाणी शिरले, माणसे दगावली. त्या गावांतील मुलांना भयकथा कोणी सांगावयाची? ती त्यांच्याजवळच आहे. त्यांना हवी आहे ती त्या रात्रीला सुरुवात, मध्य आणि शेवट देणारी कथा. पाणी का आले, कोण जागे झाले, कोणी कोणाचा हात धरला, कोण परतले नाही आणि सकाळ कशी झाली, हे सांगणारी. असह्य अनुभव जोपर्यंत कथा होत नाही, तोपर्यंत तो रोज रात्री पहिल्यापासून सुरू होतो.

मराठी बालवाङ्मयाला ही वाट अपरिचित नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे संकटांच्या मालिकेतून जातो. त्याला तारतात ते त्याचे डोळे, पाय आणि हजरजबाबीपणा. साने गुरुजींच्या १९३५ सालच्या ‘श्यामची आई’मध्ये पोहायला भिणाऱ्या श्यामला आई विहिरीकडे पिटाळते. तिच्या हातातील माराची शिफारस आज कोणी करणार नाही. परंतु पाण्यात उडी घेण्यापूर्वीचे मुलाच्या छातीतील ते धडधडणे कोणत्याही खविसाच्या वर्णनापेक्षा खरे उतरले आहे. नारायण धारपांच्या भयकादंबऱ्या हायस्कुलातील मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या मोठ्यांची नजर चुकवून वाचल्या, हेही खरेच. पण त्या मोठ्यांसाठी लिहिल्या गेल्या होत्या आणि मुलांनी त्या आपणहून मिळविल्या होत्या. निजताना कोणी त्यांच्या कानात ओतल्या नव्हत्या.

येथपर्यंतचा विचार वास्तववाद्यांच्या बाजूने झुकतो. परंतु भूत वजा केले म्हणजे गोष्ट आपोआप निर्दोष झाली, असे मानणे ही त्याहून मोठी चूक ठरेल. भुतावाचूनची एक भयकथा महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक घरात सांगितली जाते. जेवत नाहीस, तर बुवा येईल आणि झोळीत घालून नेईल. या कथेत अलौकिक असे काही नाही. बुवा हा माणूस आहे, झोळी ही खरी झोळी आहे आणि दारावर येणारा डवरी गोसावी, फकीर, बहुरूपी, भिक्षेकरी यांच्यापैकी कोणीही तिचा नायक होऊ शकतो. ती सांगणाऱ्या आईच्या मनात द्वेषाचा लवलेशही नसतो. मुलाने दोन घास अधिक खावेत, एवढीच तिची इच्छा असते.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच माणसांना ठार मारले. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती, भिक्षेसाठी फिरत आलेली होती. मुले पळविणारी टोळी आली आहे, ही अफवा मोबाईलवरून आधीच गावोगाव पोचली होती. त्याच महिन्यात, देगलूरच्या सीमेला लागून असलेल्या औराद भागातील मुरकी गावाजवळ हैदराबादच्या एका तरुण अभियंत्याचा जमावाच्या मारहाणीत मृत्यू झाला. शाळकरी मुलांना चॉकलेटे वाटणे, एवढेच निमित्त झाले होते. या दोन्ही ठिकाणी कोणी भूत पाहिले नव्हते. जे दिसले ते झोळीवाल्याच्या गोष्टीतले होते. ती गोष्ट जमावातील प्रत्येकाने चार वर्षांचा असताना ऐकलेली होती. अफवेने तिला फक्त वाहनाचा रंग आणि माणसांची संख्या पुरविली. एका गोष्टीने माणसे मारली असे म्हणणे अतिशयोक्त होईल. परंतु ओळख नसलेला, फिरता, फाटका माणूस पाहताच मूल उचलून नेणारा आठवावा, ही सवय आकाशातून पडत नाही.

याहून अवघड उदाहरण इतिहासाचे आहे. मराठवाड्यातील घरांत मुलांना सांगितली गेलेली सर्वांत भयानक गोष्ट हडळीची नसून १९४७-४८ ची आहे. लातूरच्या वकिलाने, कासिम रझवीने, चालविलेल्या रझाकारांनी गावे जाळली, माणसे मारली, कुटुंबे रातोरात सरहद्द ओलांडून गेली. हे घडले आणि ते मुलांना कळलेच पाहिजे. १७ सप्टेंबरला ध्वज का फडकतो, हे त्यावाचून समजणार नाही. पण त्या सप्टेंबरनंतरच्या आठवड्यांत याच मुलखातील मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले, त्याची गोष्ट दुसऱ्या घरांत तितक्याच हलक्या आवाजात सांगितली गेली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने आपल्या अहवालात जे चार जिल्हे सर्वाधिक होरपळलेले म्हणून नोंदविले, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बिदर यांच्याबरोबर नांदेडही आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या, दोन्हींत भूत नाही. परंतु देगलूरच्या एकाच शाळेत एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांपैकी प्रत्येकाला यांतील अर्धीच गोष्ट ठाऊक असेल, तर प्रत्येकाच्या दृष्टीने शेजारी बसलेला मुलगाच त्या गोष्टीतला राक्षस ठरतो.

यावरून भयकथेची खरी कसोटी हाती येते. गोष्टीत अलौकिक आहे की लौकिक, हा भेद दुय्यम आहे. गोष्टीतली भीती बोट कोणाकडे दाखविते, हे आधी पाहावे. ती विहिरीकडे, पुराकडे, भुकेकडे, कमकुवत भिंतीकडे किंवा फसवणुकीकडे बोट दाखवीत असेल, तर ती मुलाला शहाणे करते. ती एखाद्या जातीकडे, धर्माकडे, वेशाकडे, म्हातारीच्या वाकलेल्या पाठीकडे किंवा विधवेच्या एकटेपणाकडे बोट दाखवीत असेल, तर तिच्यात भूत असो वा नसो, ती पुढे कधीतरी वसूल होणारे कर्ज ठरते. भुतांच्या मराठी नामावळीतही हा दोष आहेच. ब्रह्मसमंध ब्राह्मणाचा आणि खवीस मुसलमानाचा, अशी रूढ समजूत सांगते. माणसाने आपल्या जातीपाती मरणानंतरही भुतांच्या पायांत अडकविल्या. भानामतीचे विष हेच आहे. तेथे भुताचे काम संपते आणि गावाला एक जिवंत नाव हवे असते.

दुसरी कसोटी अशी, की गोष्टीत मुलाला काही करता येते काय? वाघाला चकविणारी म्हातारी, नगाऱ्याजवळ जाऊन पाहणारा कोल्हा, आगगाडीच्या वेगाने डोके चालविणारा फेणे, हे सर्व काहीतरी करतात. उलट ज्या कथेत केवळ मंत्र, गंडा, अंगारा किंवा कोणा बुवाची कृपा संकट निवारते, ती मुलाला सांगते, की तुझ्या हाती काही नाही, पाय धरण्याजोगा माणूस शोध. असा माणूस शोधणारी पिढी मग बुवाबाजीच्या दारात रांग लावते, यात नवल नाही. आणि तिसरी कसोटी साधी आहे: गोष्ट संपते काय? जेवत नाहीस तर बुवा येईल, या गोष्टीला शेवटच नाही. बुवा रोज येण्याच्या बेतात राहतो. ज्या भीतीला शेवट नाही ती कथा नव्हे, ती धमकी होय.

या तिन्ही कसोट्यांवर उतरणारे भूत असेल, तर त्याला हाकलण्याचे कारण नाही. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चेटकीण रंगमंचावर आली की नाट्यगृहातील मुले ओरडतात, किंकाळ्या फोडतात, तिला उत्तरे देतात आणि पुन्हा पाहायला येतात. दिलीप प्रभावळकरांनी गाजविलेली ही भूमिका २०१८ मध्ये वैभव मांगले यांनी नव्या मुलांसमोर उभी केली, तेव्हाही तोच अनुभव आला. मोठ्यांसाठी गूढकथा लिहिणारा लेखक मुलांसाठी भीतीला हसण्याची जोड देतो, यात त्याचा विवेक दिसतो. ही चेटकीण कोणाची शेजारीण नाही. पुरुष नट रंगरंगोटी करून ती झाला आहे, हे पुढच्या रांगेतील पाच वर्षांच्या मुलालाही कळते, आणि कळूनही ते भिते. ज्याचे जगात कोठेही घर नाही अशा भुताला भ्याल्याने कोणाच्या घरावर दगड पडत नाहीत. खऱ्या माणसाला राक्षस करणाऱ्या गोष्टीपेक्षा हे खोटे भूत किती तरी निरुपद्रवी होय.

तेव्हा शाळांनी पुस्तकांच्या याद्या तपासताना भुताचे नाव शोधून लाल रेघ मारण्याचे श्रम घेऊ नयेत. त्याऐवजी एक तास गोष्टींचा ठेवावा. मुलांनी घरी ऐकलेली सर्वांत भीतिदायक गोष्ट वर्गात सांगावी. मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू, कोणत्याही घरची. मग शिक्षकाने एवढेच विचारावे, की यात तुम्ही खरोखर कशाला भ्यालात? उत्तरे फार भिन्न येणार नाहीत. अंधार, पाणी, एकटे राहणे, आई न परतणे. दय्यम आणि देव्व, हडळ आणि जिन्न यांच्या मुखवट्यांमागे एकच चेहरा आहे, हे चार भाषांतील मुलांनी एकाच तासात एकमेकांकडून शिकणे, हे शंभर व्याख्यानांहून मोलाचे ठरेल. त्याच तासाला झोळीवाल्याची गोष्टही निघेल. तेव्हा त्या झोळीत खरे काय असते, हे विचारण्याचे धैर्य शिक्षकाला झाले पाहिजे. झोळीत पीठ असते, भाकरीचे तुकडे असतात, आणि कधी कधी त्याच्या स्वतःच्या मुलासाठी कोणी दिलेला जुना सदरा असतो.